लेझरनं पापडाची जाडी मोजता येईल का? (मशीन चालू असताना, हात न लावता)

उचापती | रविवार, रात्री ९:५०

मंडळी, एक अडलेलं काम घेऊन आलोय.

सांगलीजवळ आमच्या वहिनींचा पापडाचा छोटा उद्योग आहे. सात बायका, पीठ तिंबायचं यंत्र आणि एक रोलरचं पापड मशीन. रोलरमधून उडदाच्या पिठाची सव्वा फूट रुंद पट्टी निघते, ती बेल्टवर पडते, पुढं कटर शेजारी शेजारी दोन पापड कापतो आणि उरलेलं पीठ परत वर जातं. ओला पापड ०.६ मिमी असायला हवा. तो ०.७ झाला तर डोळ्याला काहीच कळत नाही, पण पापड सहाव्या हिश्शानं जड होतो. मग २०० ग्रॅमच्या पाकिटात पंधराच्या जागी तेराच बसतात आणि गिऱ्हाईक पाकीट फोडून मोजतं. जाड पापड तळताना मध्ये कच्चट राहतो ते वेगळंच.

तर मी हौसेनं लेझर अंतरमापक मागवला. व्हीएल५३एल०एक्स, नखाएवढी चिप, प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगते. बेल्टच्या वर १० सेंमीवर बसवली. रिकाम्या बेल्टवर आकडे आले ९७, १०२, ९९, १०४. पापड ठेवल्यावर ९८, १०१, १०३, ९७. म्हणजे पापड आहे की नाही हेसुद्धा तिला कळेना. वहिनी म्हणाल्या, भावजी, एवढ्या पैशांत हिंग आला असता.

चिप खराब आहे, की माझं काही चुकतंय?

पायथन शिकाऊ | रविवार, रात्री १०:२०

चिप बरोबर आहे दादा, तिच्याकडून अपेक्षाच जास्त झाली. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंमी जातो. तुम्हाला ०.१ मिमीचा फरक हवाय, जाऊन-येऊन ०.२ मिमी, म्हणजे साधारण ०.६७ पिकोसेकंद (नॅनोसेकंदाचा हजारावा हिस्सा म्हणजे एक पिकोसेकंद). त्या चिपला वेळेत एवढं बारीक दिसत नाही. ती अनेक झोतांचे परत आलेले फोटॉन मोजून सरासरी काढते, तरी आकडा मिलिमीटरच्या खाली स्थिर होत नाही.

उचापती | रविवार, रात्री १०:३१

मग हजार वेळा मोजून सरासरी काढली तर?

पायथन शिकाऊ | रविवार, रात्री १०:४४

हजाराचं वर्गमूळ ३२ च्या आसपास. ३ मिमीची थरथर ०.१ मिमीवर येईल, कागदावर. पण सेकंदाला तीस वेळा मोजलं तरी हजाराला अर्धा मिनिट लागतो, तोवर किती पापड पुढं गेले? शिवाय चिप तापली की सगळेच आकडे एका बाजूला सरकतात, ते सरासरीनं जात नाही.

आणखी एक. तिची नजर २५ अंशांच्या शंकूएवढी रुंद आहे. १० सेंमीवर तो शंकू ४.४ सेंमी रुंद होतो. त्यात बेल्टची कड, मशीनचा खांब, काय येईल ते सगळं मिसळून ती एक आकडा देते. ९४० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही म्हणून आपल्याला वाटतं की बारीक टिकली पडलीय. ती टिकली नसते, पसारा असतो.

टूलरूम आबा | सोमवार, सकाळी ६:१५

अहो उचापती, पापडाचं वजन करा की! पाच पापड काट्यावर ठेवा, जाडी आपोआप कळते. तोफेनं डास कशाला मारताय?

उचापती | सोमवार, सकाळी ८:०२

आबा, वजन करतोच. पण एक तर ते कळेपर्यंत शंभर पापड निघून गेलेले असतात. आणि खरी गोम म्हणजे डाव्या बाजूचा पापड बरा येतो, उजव्या बाजूचा जड. दुपारनंतर जास्तच. रोलर तिरका होतोय का, कुठून किती, हे वजनावरून नाही कळत. मला पट्टीची डावी कड आणि उजवी कड एकाच वेळी मोजायची आहे.

टूलरूम आबा | सोमवार, सकाळी ८:४०

आता कसं बोललात. मग दोन्ही कडांना डायल गेज (काट्यावर जाडी दाखवणारा मापक) लावा, टोकाला छोटं चाक बसवून. आमच्या टूलरूममध्ये पत्र्याची जाडी अशीच बघायचो.

उचापती | सोमवार, सकाळी ९:१०

ते करून झालं. चाकाला पीठ चिकटतं, पाच मिनिटांत डायल पापडाची नाही तर चाकावरच्या पिठाची जाडी दाखवतो. तेल लावलं तर पट्टीवर चरा उमटतो. हात न लावता मोजायचं म्हणून तर लेझर.

टूलरूम आबा | सोमवार, सकाळी ९:२५

कागदाच्या कारखान्यात बीटा किरणांचा गेज असतो, कागदाला स्पर्श न करता मोजतो. पण त्यात किरणोत्सारी पदार्थ येतो. पापडाच्या पाकिटावर ते छापायला नको.

चकली पुराण | सोमवार, सकाळी ९:४१

"आता अणुशक्तीने कुरकुरीत." घ्या, जाहिरात तयार.

अर्धलाट | सोमवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, थोडं लांबेल.

लेझरनं जवळचं अंतर मोजायच्या तीन वाटा आहेत आणि लोक त्या एकात एक मिसळतात. पहिली वेळेची, ती तुमच्या चिपची. तिचीच चुलत बहीण घर मोजायच्या लेझर टेपमध्ये असते. लायका कंपनीनं हातात धरायचा पहिला डिस्टो १९९३ मध्ये आणला. त्यात साधारणपणे एकेक झोत मोजत नाहीत, लेझरचा उजेड सेकंदाला कोट्यवधी वेळा कमीजास्त करतात आणि परत आलेला उजेड किती मागे पडला तेवढंच बघतात. समजा १० कोटी वेळा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. एका हेलकाव्याची लांबी झाली ३ मीटर, जाऊन-येऊन आहे म्हणून दर दीड मीटरला चक्र पुन्हा सुरू. चक्राचा एक अंश म्हणजे ४ मिमीहून थोडं जास्त. पाव अंश नीट वाचला तर १ मिमी. दीड मीटरची कितवी फेरी चालू आहे हे कळायला दुसरी, संथ वारंवारता वापरतात. घड्याळात तासकाटा आणि मिनिटकाटा असतात तसं. चांगल्या टेपची चूक दीड-दोन मिमी असते. भिंतीला झकास, पापडाला निरुपयोगी.

दुसरी वाट लाटांची. माझं रोजचं काम तेच. पुण्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी कापकामाची मशीनं तपासतो, हेलियम-निऑन लेझर, लाट ६३२.८ नॅनोमीटर. लेझरचे दोन भाग करायचे, एक जागच्या आरशावर, दुसरा सरकत्या आरशावर, परत आणून एकमेकांत मिसळायचे. सरकता आरसा अर्धी लाट, म्हणजे ३१६.४ नॅनोमीटर हलला की एक काळी पट्टी सरकते. पट्ट्या मोजत बसायचं, अर्थात मोजतं यंत्र. एका पट्टीचेही बारीक तुकडे करून वाचतो. तिथं आमचं भांडण हवेशी असतं. हवेचं तापमान एक अंश बदललं की मीटरमागे जवळजवळ एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा, चुकतो. दार उघडून कोणी चहा घेऊन आलं तरी आकडा हलतो, म्हणून चहाला बाहेर जावं लागतं.

पण त्याला आरसा लागतो. पापडाच्या खरखरीत पृष्ठावरून लाटा शिस्तीत परत येत नाहीत. तेव्हा माझी वाट तुमच्या कामाची नाही. तिसरी वाट कोनाची, ती तुमची. त्यावर इथं कोणीतरी जाणकार असेलच.

टूलरूम आबा | सोमवार, दुपारी २:०५

अर्धलाटताई, छान लिहिलंत. त्या भौतिकशास्त्रज्ञ मायकेल्सननं मीटर असाच लाटांत मोजला होता ना?

अर्धलाट | सोमवार, संध्याकाळी ६:२०

हो आबा, १८९२-९३ मध्ये, पॅरिसजवळ सेव्हरला. लेझर नव्हता, कॅडमियमच्या दिव्याचा लाल प्रकाश होता. मीटरमध्ये लाटा निघाल्या १५,५३,१६३.५. त्यानं त्या सगळ्या बसून मोजल्या नाहीत. नऊ मापं केली, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. सगळ्यांत लांब १० सेंमी आणि सगळ्यांत छोटं ०.३९ मिमी. त्या छोट्यातल्या बाराशेच्या आसपास पट्ट्या डोळ्यांनी मोजल्या आणि मग दुप्पट-दुप्पट करत वर गेला. म्हणजे मीटर मोजायची सुरुवात आपल्या पापडापेक्षा पातळ मापानं झाली होती.

चकली पुराण | सोमवार, संध्याकाळी ६:३२

अवांतर: हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो (गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा) होतंय तेही हेच ना? ४ किलोमीटरच्या दोन भुजा आणि आरसे?

अर्धलाट | सोमवार, संध्याकाळी ६:५०

जात तीच. मात्र तिथं आरसा प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहून कमी हलला तरी कळायला हवं. तो वेगळा धागा काढा, इथं पापड वाळतायत.

जुनी कॅसेट | सोमवार, रात्री ९:१५

माझेही दोन पैसे. सीडी प्लेअर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. ज्यांना वाटतं की अंतर मोजणारा लेझर म्हणजे प्रयोगशाळेतलं काहीतरी, त्यांनी माळ्यावरचा जुना सीडी प्लेअर खाली काढावा.

सीडी फिरताना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वरखाली डोलते. तिच्यावर टिपलेल्या ७८० नॅनोमीटरच्या लेझरचा फोकस मात्र एक-दोन मायक्रॉनच्या आतच धरावा लागतो. मग भिंग तिच्याबरोबर नाचवायचं कसं? परत आलेला प्रकाश मुद्दाम वाकड्या, म्हणजे एका बाजूनं चपट्या भिंगातून चार भागांच्या डोळ्यावर पाडतात. फोकस बरोबर असला की ठिपका गोल. सीडी जवळ आली की ठिपका लांबट होऊन एका तिरप्याला कलतो, दूर गेली की दुसऱ्या तिरप्याला. समोरासमोरच्या दोन भागांची बेरीज, त्यातून दुसऱ्या दोघांची बेरीज वजा. उत्तर शून्य तर फोकस बरोबर, अधिक किंवा उणे आलं की भिंगाच्या कॉइलला तसा करंट. दुकानात झाकण उघडून गिऱ्हाइकाला दाखवायचो, सीडी घालून बटण दाबलं की भिंग आधी दोन-तीनदा वरखाली होतं. ते सीडीचं अंतर चाचपत असतं. तिथं अडकलं की प्लेअर "नो डिस्क" म्हणतो, आणि निम्म्या वेळा दोष काय, तर भिंगावरची धूळ.

पापडाला हे चालणार नाही, कारण सगळा खेळ मूठभर मायक्रॉनचा आहे. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

नेकारकाठी | मंगळवार, पहाटे १:४०

स्टुटगार्टहून. तिसऱ्या वाटेचा जाणकार वगैरे नाही, पण पोट त्यावर चालतं.

उचापती, चिप फेकू नका, हात आला की नळ सोडणं वगैरे कामाला लावा. पापडासाठी लेझर पॉइंटरच्या धर्तीवरचा एक लाइन लेझर घ्या, टिकलीऐवजी रेष पाडणारा, आणि दोन साधे वेबकॅम.

कल्पना अशी. कॅमेरा सरळ खाली बघतो. लेझर तिरका, बेल्टच्या चालीच्या दिशेनं कललेला, रेष बेल्टवर आडवी. रिकाम्या बेल्टवर रेष एका जागी दिसते. पापड आला की रेषेला तो आधीच भेटतो, म्हणून पापडावरचा तुकडा लेझरच्या बाजूला सरकलेला दिसतो. संध्याकाळी उन्हं तिरपी असताना पायरीवर खांबाची सावली कशी तुटक पडते, तेच. किती सरकला ते मोजा. लेझर उभ्या रेषेशी ४५ अंशांत असेल तर जेवढी जाडी तेवढंच सरकणं. ६० अंशांत असेल तर जाडीच्या १.७३ पट. शाळेतलं टॅन, दुसरं काही नाही. यात प्रकाशाच्या वेगाचा संबंधच येत नाही, म्हणून पिकोसेकंदाची कटकट नाही.

आता आकडे. सव्वा फूट सगळी पट्टी एका कॅमेऱ्यात घेऊ नका, एका पिक्सेलला ०.३ मिमी पडेल. तुम्हाला कडा बघायच्यात ना? मग एक कॅमेरा डाव्या कडेवर, एक उजव्या कडेवर. प्रत्येकानं फक्त ६० मिमी रुंदी बघायची, निम्मा बेल्ट, निम्मा पापड. १२८० पिक्सेल ६० मिमीवर, म्हणजे पिक्सेलला ०.०४७ मिमी. ०.६ मिमीचा पापड ४५ अंशांत १३ पिक्सेल सरकवेल, ६० अंशांत २२. रेष चार-पाच पिक्सेल जाड असते, तिच्या उजेडाचा गुरुत्वमध्य काढला तर पिक्सेलच्या पाचव्या-दहाव्या हिश्शापर्यंत जागा सांगता येते. ०.०५ मिमी सहज मिळायला हवं.

आणि बेल्ट त्याच चित्रात घ्यायचा हे विसरू नका. बेल्ट थरथरला तर पापडही थरथरतो, दोन्हींतला फरक तेवढाच राहतो. शक्य तर जिथं बेल्ट ताठ असून खाली लोखंडी पाट आहे तिथं मोजा.

कॅमेऱ्याचा आपोआप उजेड आणि आपोआप फोकस दोन्ही बंद. रेष पांढरीफट्ट जळाली की मध्य काढण्यात अर्थ नाही, उजेड एवढा कमी करा की बाकी चित्र काळं दिसेल.

पायथन शिकाऊ | मंगळवार, सकाळी ७:३०

मध्य काढायचा प्रोग्राम मी लिहून देतो, ओपनसीव्हीत (चित्रं वाचायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये) पंचवीस-तीस ओळींचं काम आहे. एक शंका. मी होस्टेलवर असं करून बघितलं होतं, तेव्हा लेझरची रेष वाळूसारखी कणीदार दिसायची आणि मध्य सारखा इकडंतिकडं उडायचा. भिंत तर हलत नव्हती.

नेकारकाठी | मंगळवार, दुपारी १२:५५

ती कणी लेझरची जन्मखूण. खरखरीत पृष्ठावरून परतलेल्या लाटा एकमेकींना कुठं वाढवतात, कुठं मारतात. महागड्या सेन्सरलाही ती चुकत नाही. पण उचापतींचं नशीब, पापड चालता आहे. कॅमेऱ्याचा एक फोटो सेकंदाच्या तिसाव्या हिश्शात घेतला आणि बेल्ट सेकंदाला ५ सेंमी चालला, तर तेवढ्यात पट्टी दीड मिमीहून जास्त सरकते आणि कणी पुसली जाते. थांबलेल्या पापडापेक्षा चालता पापड जास्त नीट मोजता येतो.

टूलरूम आबा | मंगळवार, दुपारी ३:१०

कॅलिब्रेशनला, म्हणजे यंत्राचे आकडे खऱ्या मापाशी जुळवायला, फिलर गेज (ठरावीक जाडीची पोलादी पानं) घ्या. ०.५०, ०.६०, ०.७० ची पानं बेल्टवर ठेवायची आणि प्रत्येकाला किती पिक्सेल ते लिहायचं. कोन मोजत बसू नका, पानंच खरं सांगतील.

उचापती | रविवार, रात्री ११:०५

पावणेदोन आठवडे गायब होतो, क्षमस्व. लग्नसराईच्या ऑर्डरी.

केलं! ६५० नॅनोमीटरचा लाल लाइन लेझर, दोन वेबकॅम, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर. शिकाऊंचा प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला. आबांची फिलर गेजची पानं ठेवली, ०.५० ला ०.५०, ०.६० ला ०.६०, ०.७० ला ०.६९. मी नाचायचाच बाकी होतो.

मग पापडाची पट्टी सोडली. आकडा ०.४७. मायक्रोमीटरनं हळूच धरून बघितलं, ०.६०. दुसऱ्या घाण्याला यंत्र ०.४३ म्हणतंय, मायक्रोमीटर ०.५९. धातू बरोबर आणि पापड चूक, हे कसं? रेषही पापडावर धुरकट दिसते, बेल्टवर बारीक.

अर्धलाट | सोमवार, सकाळी ७:५०

रेष धुरकट, यातच उत्तर आहे. अंधारात हाताच्या बोटामागं टॉर्च धरा, बोट लाल दिसतं. पिठातही तेच. लाल प्रकाश पृष्ठावर थांबत नाही, आत शिरतो, आतल्या कणांवर आपटत थोडा पुढं जाऊन बाहेर येतो. लेझर तिरका असल्यानं तो पुढं म्हणजे खोलीच्या दिशेनंच जातो. कॅमेऱ्याला वाटतं पृष्ठ तिथंच आहे, खाली. म्हणून पापड पातळ भासतो. मेण, संगमरवर, दात मोजणाऱ्यांची हीच रड असते.

उचापती | सोमवार, सकाळी ८:१५

आणि दोन घाण्यांत फरक का?

अर्धलाट | सोमवार, सकाळी ८:३२

दुसऱ्यात तेल किंवा पाणी जास्त होतं का? ओलं, तेलकट पीठ जास्त पारदर्शक. कागदावर तेलाचा डाग पडला की पलीकडचं दिसतं तसं.

उचापती | सोमवार, सकाळी ९:००

वहिनींना विचारलं. दुसऱ्या घाण्याला तेल जास्त पडलं होतं, नवीन मुलीनं घातलं. मला कसं कळलं म्हणून त्या माझ्याकडं संशयानं बघतायत.

टूलरूम आबा | सोमवार, सकाळी ९:२०

चूक माझी. मोजायचं पीठ आणि कॅलिब्रेशन केलं पोलादावर. टूलरूममध्ये असं एखाद्या पोरानं केलं असतं तर मी त्याला दिवसभर कानस घासायला लावली असती. पिठाचीच पानं करा. दोन जाड पत्र्यांमध्ये ०.५०, ०.६०, ०.७० चे फिलर ठेवून रोजचं पीठ दाबा, जाडी पक्की कळलेली पट्टी मिळेल. तिच्यावर तक्ता करा.

नेकारकाठी | सोमवार, दुपारी ४:४५

आबांचं करा, आणि शिवाय रंग बदला. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर पिवळसर पिठात फार खोल जात नाही, वरच्यावर अडतो. आमच्याकडं लालबुंद तापलेलं लोखंड मोजायलाही निळा-जांभळा वापरतात, कारण वेगळं. लोखंड स्वतःच लाल उजेड देत असतं, त्यात लाल रेष हरवते. पिठाबाबत एक खोच म्हणजे जांभळा पडला की काही पदार्थ स्वतःच फिकट हिरवट चमकतात. कॅमेऱ्यासमोर जांभळाच तेवढा सोडणारा फिल्टर लावा.

आणि हे गंभीरपणे घ्या. ४०५ डोळ्याला फार मंद वाटतो, म्हणून लोक बघत राहतात. १ मिलीवॉटच्या आतला लेझर चुकून डोळ्यात गेला तर पापणी वाचवते. बाजारातल्या मोड्युलवर ५ लिहिलेलं असतं आणि आत कधी कधी जास्तच निघतो. कटरचं पातं चकचकीत आहे, त्यावरून रेष थेट बाईच्या तोंडावर जाईल. आधी काळ्या पत्र्याचा डबा, मग लेझर.

जुनी कॅसेट | सोमवार, रात्री १०:०५

ब्लू-रेच्या हेडमधूनही ४०५ निघतो, पण ते काढायच्या भानगडीत पडू नका, तयार मोड्युल घ्या. अनुभवाचे बोल, तर्जनीवर अजून खूण आहे.

उचापती | शनिवार, रात्री ८:४०

जांभळा लेझर, फिल्टर, काळा डबा, झाकण उघडलं की लेझर बंद व्हायला फ्रिजच्या दाराला असतो तसला स्विच. पिठाच्या पट्ट्यांवर तक्ता केला. आता ०.६० ची पट्टी तक्ता न वापरता ०.५७ येते, तक्ता लावून ०.६०. तेल मुद्दाम वाढवून बघितलं, फरक ०.०२ च्या आत राहिला. लालला हाच फरक ०.०३ चा होता.

आणि आता मूळ दुखणं. दिवसभर आकडे लिहून घेतले. सकाळी आठला डावीकडं ०.५९, उजवीकडं ०.६१. अकराला ०.६० आणि ०.६४. दुपारी तीनला ०.६० आणि ०.६९. डावी बाजू जागच्या जागी, उजवी वर चढतेय. जेवणाच्या सुट्टीत मशीन पाऊण तास बंद होतं, त्यानंतर उजवी परत ०.६२ वर आली आणि पुन्हा चढायला लागली.

आबा, काय वाटतं?

टूलरूम आबा | शनिवार, रात्री ९:०५

थंड झाल्यावर परत येतंय म्हणजे झीज एकटी नाही. उजव्या बाजूला मोटर किंवा गिअर बॉक्स आहे का? तिकडची चौकट तापून फुगत असेल. एक अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतं पोलाद. रोलरच्या बाजूचा उभा खांब ३० सेंमी धरला आणि वीस अंश तापला तर ०.०७ मिमी. तुमचा आकडा तेवढाच चढलाय. मात्र त्यासाठी खांबाबरोबर वरचा रोलरही उचलला गेला पाहिजे. खालचा रोलर कशावर टेकलाय?

उचापती | शनिवार, रात्री ९:३०

खालचा रोलर वेगळ्या बैठकीवर, वरचा त्या उभ्या खांबांवर. मोटर उजव्या खांबाला चिकटून, अगदी बोटभर अंतरावर. हात लावला तर दुपारी चटका बसतो!

टूलरूम आबा | शनिवार, रात्री ९:३६

मोटर लांब न्या. बेल्ट-पुली टाका, हातभर दूर.

चकली पुराण | शनिवार, रात्री ९:५०

म्हणजे एवढा लेझर, एवढा मायकेल्सन, आणि उत्तर "मोटर सरकवा"?

अर्धलाट | शनिवार, रात्री १०:१०

आमच्याकडं सीएनसी तपासताना दहातल्या पाच वेळा हेच निघतं. चहावाला नाहीतर मोटर.

उचापती | बुधवार, रात्री ९:२०

मोटर दीड फूट लांब नेली. आज दुपारी तीनला डावीकडं ०.६०, उजवीकडं ०.६२. पाकिटात पंधरा बसले, वहिनींनी स्वतः तीन पाकिटं फोडून मोजले.

आता नवीन भानगड. वाळलेल्या पापडाची जाडीही याच यंत्रावर बघू म्हटलं, तर पापड वाळताना कडेला वळतो आणि यंत्र म्हणतं जाडी ४ मिमी. त्याला खालून दुसरा लेझर लावायचा का?

नेकारकाठी | गुरुवार, पहाटे १२:३५

हो, वरून एक, खालून एक, दोन्हींतला फरक घ्यायचा, पापड हवेत कसाही वळो. पण दोन्ही रेषा एकाच जागी समोरासमोर पडायला हव्यात, तेवढं जुळवणं जिकिरीचं आहे. बेल्टमध्ये फट लागेल. आधी पट्टीवाल्याचा एक महिना नीट जाऊ द्या, आणि दर सोमवारी ताज्या पिठाच्या पट्टीवर तक्ता तपासा. मे महिन्यात पीठ वेगळं लागतं ना?

उचापती | गुरुवार, सकाळी ७:१०

वेगळंच, पाणी जास्त ओढतं. सोमवारचं लिहून ठेवलं भिंतीवर, वहिनींच्या हिशेबाच्या शेजारी.